चाळीस कोऱ्या ढाली

खेळण्यातल्या सैन्यांची लढाई लावणारं आमचं एक मंडळ आहे. त्याचा नियम अकरा असा: बोटभर उंचीच्या शिपायासही घराणे सिद्ध केल्याखेरीज टेबलावर उतरता येणार नाही. घराण्याचे निशाण ढालीवर रंगवलेले असावे. ढाल नखाएवढी असते.

रविवारी माझी लढाई व्याह्यांशी होती. सहा वर्षं तेच जिंकत होते आणि दर वेळी माझ्या लेकीच्या देखत म्हणत होते, "गवंड्यानं कशाला सेनापती व्हावं?" म्हणून यंदा मी वर्षभर खपून चाळीस शिपाई रंगवले. ढालीवर थापी काढली.

निशाण-तपासनिसांनी डोळ्याला भिंग लावलं.

"हे कुठल्या घराण्याचं?"

"आमचं. तीन पिढ्या गवंडी."

"पुरावा?"

मी तळहात पुढे केले. त्यांनी ते भिंगातून पाहून शेरा मारला: 'हातांवर शिक्का नाही.'

"आजोबांचा दाखला आणा."

"आजोबांनी अर्धं शहर बांधलं हो. दाखला तेवढा बांधायचा राहिला."

"मग घराणं नाही. ढाली कोऱ्या ठेवा."

चाळीस थाप्या खरवडून मी कोऱ्या ढाली घेऊन गेलो.

"रंगकाम अपूर्ण," ते म्हणाले. "नियम बारा. सगळे बाद."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना कोऱ्या ठेवा!"

"ठेवा की. फक्त 'ही ढाल नियम अकरानुसार कोरी आहे' असं तिच्यावर लिहा. हातभर अंतरावरून वाचता आलं पाहिजे."

नखावर एवढं मावेना. तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं ढाल वाढवायची मुभा दिली. मी पुठ्ठ्याच्या तळहाताएवढ्या ढाली कापल्या. त्यांच्या भारानं शिपाई तोंडावर पडायला लागले, म्हणून प्रत्येक ढालीला मागून टेकू दिला.

"हे सैन्य आहे की दुकानांच्या पाट्या?" बायकोनं विचारलं.

रविवारी व्याही आले. त्यांच्या ढालींवर सोनेरी सिंह. तीन पिढ्या शिंपी, पण सिंहाचा दाखला होता आणि त्यावरचा शिक्का चांगला गोल होता. त्यांनी धनुर्धारी पुढे सरकवले.

"मारा!"

"कोणाला?" तपासनीस म्हणाले. "नियम सोळा. जो दिसत नाही, त्याच्यावर बाण सोडता येत नाही."

व्याही टेबलाला वळसा घालून मागून बघायला निघाले. तपासनिसांनी त्यांची कॉलर धरली. "नियम सतरा. आपली बाजू सोडू नये."

माझ्या ढाली समोरच्यांना रेटत दर डावाला चार बोटं पुढे सरकत गेल्या. पाचव्या डावात त्यांचा सेनापती सिंहासकट टेबलावरून खाली पडला.

"ही लढाई नाही, हे बांधकाम आहे!" व्याही ओरडले.

"चहा घ्या," मी म्हणालो.

जिंकलेला पेला कपाटावर आहे. बघायला येणारे ढालींची मापं घेतात, पुठ्ठा कुठे मिळाला ते विचारतात. ढालीआडच्या चाळीस जणांना मी चाळीस वेगळे चेहरे दिले होते. एकाचं नाक पडशानं लाल आहे. एकाला स्वतःच्या लग्नाला उशीर झालाय. दोघे सख्खे भाऊ आहेत आणि बोलत नाहीत. आजवर बघायला आलेल्या एकानंही ढाल बाजूला करून पाहिलं नाही. तुम्हीही हसत हसत इथवर आलात. तुम्ही तरी कुठे विचारलंत?