गुलाबाची भुरी

पानाकडे नुसतं बघून वहिनी रोग सांगायच्या. निदान त्यांचं म्हणणं तरी तसंच होतं! म्हणून तर गावाला जाताना नणंदेने आपला लाडका गुलाब त्यांच्या गॅलरीत आणून ठेवला.

"वहिनी, रविवारी फुलझाडांचं प्रदर्शन आहे. बारा वर्षांत मी एकदाही रिकाम्या हाताने गेले नाहीये हं!"

"निर्धास्त जा गं. परत येशील तेव्हा ओळखणार नाहीस त्याला!"

हे मात्र शब्दशः खरं ठरलं.

तिसऱ्या दिवशी वहिनी दुपारची झोप काढून उठल्या, तर पानांवर पांढरी पूड!

"भुरी!" वहिनी किंचाळल्या. ही पिठासारखी बुरशी एकदा लागली की पसरतच जाते. त्यांनी रोगट पानं खुडली, उरलेल्यांवर सोड्याचं पाणी फवारलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा भुरी. पुन्हा खुडणी, वर पातळ दुधाचा फवारा. गुलाब नुकत्याच न्हाव्याकडून उठलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसू लागला.

शनिवारी त्यांची नजर नवऱ्याच्या कोपरावर गेली. पांढरं फटक!

"अगं बाई! अहो, तुम्हालाही लागली की!"

ते पांढरं कुठलं, हे नवरोबांना पक्कं ठाऊक होतं. पण वहिनी झोपल्या की तासभर चालून यायचं, असा डॉक्टरांच्या देखत शब्द दिला होता ना! बिचारे मुकाट्याने उभे राहिले आणि वहिनींनी त्यांना नखशिखांत फवारून काढलं.

तेवढ्यात नणंद गॅलरीच्या दारात.

"दादा, तू असा निथळतोयस का? आणि माझा गुलाब कुठाय?"

"हा काय!" वहिनींनी कुंडी पुढे केली. त्यात एक काटेरी काठी आणि शेवटचं पान. "भुरी गं. फार झुंजले मी!"

नणंदेने पानावर फुंकर मारली. पूड उडाली. खाली पान हिरवंगार, लख्ख!

इतक्यात शेजारचे घड्याळजी बगलेत कॅरम बोर्ड मारून आत शिरले.

"काय रे, वहिनी झोपल्या ना? ये, कालचा डाव पुरा करू!" आणि कुणाकडे न बघता थेट गॅलरीत जाऊन त्यांनी सवयीने बोर्डावरची जुनी पावडर कुंडीवर झटकली. फट् फट्!

सगळ्या गॅलरीत भुरी पसरली. वहिनींच्या नाकावरसुद्धा.

"एवढे उपचार केलेत वहिनी," नणंद रडवेली होऊन म्हणाली, "एक फुंकर मारून बघायचं नाही सुचलं?"

तरी ती रिकाम्या हाताने गेली नाहीच. रविवारी काठी घेऊन गेली आणि बक्षीसही घेऊन आली. उत्तेजनार्थ. निवडुंग विभागात!

वहिनी तेव्हापासून सगळ्यांना सांगतात, "माझ्याच हाताखालून गेलाय हो तो!"