दोन तोंडांची बातमी

आमच्या ओट्याला सांगा, "बाबा, तुझ्या शर्टाला आग लागलीय," तर तो आधी विचारेल, "आणखी कोणी पाहिली?"

ओट्या म्हणजे ओटिएनो. केनियाचा. जपानातल्या ओजिमाच्या आमच्या सरकारी इमारतीत लिफ्टमध्ये शिरताना मान वाकवतो, एवढा उंच. वय पन्नाशीचं. तरुणपणी पुण्यात शिकायला होता, खडकीत एका मेसवाल्या म्हातारीकडे जेवायचा. त्यामुळे मराठी येतं, पण ते म्हातारीचं. पहिल्याच दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाला, "काय काका, गिळलंत का?"

मी उडालोच. पण मग रोज त्याच बाकावर बसायला लागलो. बायको गेली म्हणून मुलानं मला जपानात आणलं. तो तोयोसूच्या ऑफिसात, सून पार्टटाइमला, नातू जपानीत उत्तर देणार. मी चौथी पास, जन्म लेथवर गेला. बोलणार कोणाशी?

ओट्या योकोहामा बंदरावर जुन्या मोटारी बोटीत चढवतो. पण त्याआधी गावी, मोठ्या तळ्याकाठी, एका छोट्या रेडिओ केंद्रावर बातम्या द्यायचा. तिथला नियम इथं घेऊन आला. "एक तोंड म्हणजे कुजबूज. दोन तोंडं म्हणजे बातमी."

आता हा नियम रेडिओवर ठीक आहे. एकदा मी त्याला ओरडून सांगितलं, "अरे, आज बाटल्यांच्या कचऱ्याचा दिवस! गाडी आली!" हा पिशवी घेऊन खाली आला आणि दुसरं तोंड शोधायला वॉचमनकडे गेला. वॉचमननं चष्मा लावला, तक्ता पाहिला, वाकून "हो" म्हणाला. तोवर गाडी गेली. आठवडाभर बाटल्या याच्या बाल्कनीत. मी म्हटलं, "गाढवा, मी खरं सांगत होतो."

"खरं होतं काका. पण एकट्याचं होतं."

दर रविवारी दुपारी तो स्टेशनजवळच्या हिरव्या सार्वजनिक फोनमध्ये कार्ड घालून गावी बोलतो. तो रेडिओ आता तिथली दहाबारा पोरं चालवतात. हा त्यांना इथून शिकवतो. शिकवतो कसला, झापतो. भाषा त्यांची, अर्थ मला तो नंतर सांगतो. "कोणी सांगितलं? मेव्हण्यानं? मेव्हणा हा साक्षीदार नाही! परत जा!" मग माझ्याकडे वळून मराठीत, "गधडे आहेत, काका. पण पाय चांगले. परत जातात."

मी एकदा विचारलं, "एवढी घसाफोड कशाला रे?"

तो म्हणाला, "तिकडे पोरांना काम नाही. रिकाम्या पोराच्या कानात कोणीही काहीही ओततो. पलीकडच्या वस्तीनं आपला माणूस मारला म्हणतात, की निघाली पोरं काठ्या घेऊन. तेवढ्यात रेडिओनं म्हणायचं, थांबा, विचारून येतो. तेवढं 'थांबा' म्हणजे आमचं काम."

फोनच्या शेवटी त्याचा आवाज उतरायचा. एक छोटा प्रश्न. तिकडून एक शब्द. मग फोन ठेवायचा. याचा अर्थ मात्र त्यानं कधी सांगितला नाही. फुटबॉलमध्ये कोण जिंकलं ते विचारत असेल, असं मी धरून चाललो होतो.

एके दिवशी मी त्याला माझ्या बायकोचं, सुमनचं सांगितलं. कशी गेली, कोणत्या पहाटे. आणि हा गृहस्थ काय म्हणाला? "तिथे आणखी कोण होतं?"

माझं डोकंच फिरलं. "मेल्या, मी उशाशी होतो! हात माझ्या हातात होता! आणि दुसरं तोंड कुठून आणू? माझं दुसरं तोंड तीच होती. मी मंगळवार म्हटलं की म्हणायची, बुधवार होता हो. आता मी काहीही बोललो तरी खोडायला माणूस नाही."

दोन आठवडे मी बाकाकडे फिरकलो नाही.

मग तोच वर आला. दारात चपला काढून, मान वाकवून उभा. "चुकलं काका. सवय." आत बसला. सुनेनं दिलेला चहा हातात नुसता धरून ठेवला. "माझी बायको अकिनी. लहान होडीतून बाजाराला निघाली होती. मी इथे. तिच्या भावाचा फोन आला, होडी उलटली. त्यानं पाहिलं नव्हतं, किनाऱ्यावर ऐकलं होतं. नावाडी सापडला नाही. ती पण नाही. सहा वर्षं झाली."

"मग फोनवर शेवटी विचारतोस ते..."

"दुसरं तोंड मिळालं का."

पुढच्या रविवारी मी परत त्याच्याबरोबर फोनपाशी गेलो. पोरांनी विहिरीच्या भांडणाची बातमी दोन्ही बाजूंना विचारून आणली होती. ओट्या एवढा खूश, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मग आवाज उतरला. प्रश्न. एक शब्द. त्यानं फोन ठेवला.

"अजून एकच, काका."

मी तोंडफाटका माणूस. सुमन म्हणायची, तुमच्या जिभेला हाड सोडा, कुंपणही नाही. जिभेवर आलंच होतं, की बाबा रे, गेली ती. सहा वर्षं कोणी बाजारात राहतं का?

पण मी बोललो असतो, तर दोन तोंडं झाली असती.

फोनमधून कार्ड बाहेर आलं होतं, ते तो विसरला होता. मी काढून त्याच्या हातात दिलं. संपलेलं होतं.

"पुढच्या रविवारचं कार्ड मी आणतो," म्हणालो.