दहा खांब, मग बोला

उतेकरकाका दर तीन-चार महिन्यांनी आमच्या प्राजूचं माप घ्यायला यायचे. माप घ्यायचे आणि निघून जायचे. एवढंच.

आता तुम्हीच सांगा. माणूस शेजारी राहतो. दिवसभर हातात क्रोशाची सुई असते. तो आपल्या मुलीच्या डोक्याभोवती दोरा गुंडाळतो, माप पुरं झालं तिथे गाठ मारतो आणि दोरा खिशात टाकतो. पुढे काय व्हायला हवं? आठ-पंधरा दिवसांनी घरात एखादं टोपडं यायला हवं की नाही? प्राजू पाळण्यात होती तेव्हापासून शाळेत जायला लागेपर्यंत असे किती दोरे गेले, पण टोपडं सोडा, लोकरीचा एक गोंडासुद्धा आमच्याकडे आला नाही. मी महाडच्या एका हायस्कूलात गणित शिकवायचो. उत्तर नसलेलं गणित मला सोसत नाही, आणि हे तर भिंतीला भिंत लावून राहत होतं.

उतेकर मूळचे पोलादपूरचे. उभा जन्म एस.टी.त कंट्रोलर म्हणून गेला. गाड्या लावायच्या, गाड्या पुकारायच्या, गाड्या सोडायच्या. आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाचं अडायचं नाही. त्यांनी स्टँडवरून 'उमरठऽऽ' म्हटलं की बाजारात भाजी घेणारी बाई तिथूनच पिशवी उचलून धावत सुटायची. रागही आवाजाला शोभेल असाच होता म्हणे. अशा माणसानं रिटायर झाल्यावर गावी स्वतःच्या घरात ऐसपैस राहावं. हे घराला कुलूप लावून महाडला आले आणि आमच्या चाळीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. का? काही कळायला मार्ग नव्हता. विचारलं की म्हणायचे, "इकडं हवा बरी हाय." महाडची हवा! मे महिन्यात इथल्या हवेत पापड न तळता फुगतील.

आणि आल्या दिवसापासून त्यांच्या हातात ती सुई. भरदार मिशांचा, सहा फुटी माणूस ओट्यावर मांडी घालून क्रोशा करतोय, हे बघायला सुरुवातीला शेजारच्या गल्लीतून लोक यायचे. उतेकरांना त्याचं काही नव्हतं. आलेल्याला ते बसवून घ्यायचे आणि क्रोशाचे फायदे सांगायला लागायचे. बघायला आलेला माणूस कंटाळून जायचा, पण फायदे काही संपायचे नाहीत.

"बीपीची गोळी खाता ना, मास्तर? सोडू नका. पन जोडीला रोज वीतभर क्रोशा करा. डॉक्टर तुम्हाला इचारील, काय केलंत म्हनून."

तंबाखू सुटते, कारण मळायला हात मोकळा राहत नाही. लाइट गेली तरी चालतं, कारण बोटांना दिसतं. घाटात दरड पडली, गाडी खोळंबली, तरी जीव खोळंबत नाही. झोप लागते. भूक लागते. एकदा कुणाला तरी त्यांनी गुडघेदुखीवरही क्रोशा सांगितला. मी म्हटलं, "काका, गुडघ्याचा काय संबंध?" तर म्हणाले, "बसून करायचा असतो ना? मग गुडघ्याला इसावा नाय का?"

त्यांची दोन वाक्यं आमच्या चाळीत पोराटोरांनाही पाठ झाली होती. पहिलं, 'उसवता येतं ना? मग भ्यायचं कशाला!' आणि दुसरं, 'दहा खांब घाला, मग बोला.' खांब म्हणजे क्रोशातला उंच टाका. राग आला की तोंड उघडायच्या आधी दहा खांब घालायचे, त्यानंतरही बोलावंसं वाटलं तर खुशाल बोलायचं, असा त्यांचा कायदा. नळावर दोन बायकांची जुंपली तेव्हा हे दोघींच्या हातात एकेक सुई देऊन मध्ये उभे राहिले. "दहा खांब, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या." सुई धरायची कशी हे कळेपर्यंत नळाचं पाणी गेलं. मग त्या दोघी मिळून उतेकरांना बोलल्या, आणि उतेकर खाली मान घालून खांब घालत राहिले.

मीही शिकून पाहिलं. आठवडाभर घाम गाळून जे काही तयार झालं, ते त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "मास्तर, म्हैस घेतलीत की काय? दावं चांगलं जमलंय." तेव्हापासून मी त्या वाटेला गेलो नाही.

स्वतः मात्र दिसेल त्या वस्तूला कपडे घालायचे. रेडिओला, टीव्हीला, तांब्याला, गॅसच्या सिलिंडरला. आमच्याकडे नवा फोन आला तर तो वाजायच्या आधी त्याला झालरीचं झाकण आलं. जुन्या प्रेमापोटी त्यांनी स्टँडवरच्या माइकलाही एक टोपी घातली. आवाज असा काही दबला की बिरवाडीची माणसं पोलादपूरच्या गाडीत आणि पोलादपूरची बिरवाडीच्या गाडीत चढली. टोपी दुसऱ्या दिवशी परत आली. आता फोनला टोपी, माइकला टोपी, सिलिंडरला फ्रॉक, आणि जिचं दर तिमाहीला माप घेताय त्या पोरीला काहीच नाही? माझं डोकं चालेनासं व्हायचं.

आमची ही म्हणायची, "विसरत असतील हो, वय झालं." विसरतील कसे? प्राजू वाढली तशी मापंही वाढली. आधी नुसतं डोकं, मग छाती, मग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. विसराळू माणूस इतकं नीट विसरत नाही.

माझी आई मात्र या प्रकरणात अजिबात गोंधळलेली नव्हती. ती पाचाडकडची. तिचं उत्तर तयार होतं. "दोऱ्यानं माप घेतो, गाठ मारतो, दोरा परत देत नाय. याला काय म्हंतात ते मला नको सांगू." काय म्हणतात ते तिनं नाव घेऊन कधी उच्चारलं नाही, पण उतेकर माप घेऊन गेले रे गेले की ती मीठ-मोहऱ्या-मिरच्या प्राजूवरून ओवाळून निखाऱ्यावर टाकायची. सगळी चाळ खोकायची. पलीकडून उतेकरांचा आवाज यायचा, "मास्तर, तुमच्याकडं फोडणी लय जहाल देतात बा!"

आणि मग एकदा आईनं ठरवलं की आता बास. उतेकर खिशातून दोरा काढत दारात आले. प्राजू सवयीनं ताठ उभी राहिली. आईनं तिचं बखोट धरून तिला आत ओढलं आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"आता माप नाय मिळायचं."

मला वाटलं, आता तो प्रसिद्ध आवाज ऐकायला मिळणार. उतेकरांनी तोंड उघडलं, मिटलं. हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. तिसऱ्या दिवशीही रिकामा. क्रोशा नाही, फायदे नाहीत, 'मास्तर' अशी हाक नाही. चाळ अशी सुनी वाटायला लागली की नळावरच्या त्या दोघीही माझ्याकडे चौकशी करून गेल्या.

मग काकी आल्या. उतेकरांची बायको म्हणजे नवऱ्याच्या नेमकी उलट. पाच वर्षांत मी त्यांचं सलग वाक्य ऐकलं नव्हतं. त्या आईजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आत्या, तुमच्या पोरीचं माप तुमच्या पोरीसाठी नव्हतं. माझ्या नातीसाठी होतं."

त्यांना एक मुलगी होती, संगीता. आम्हाला पत्ताच नव्हता. तिनं मुंबईला आपल्या पसंतीनं रजिस्टर लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन पोलादपूरला पाया पडायला आली. उतेकरांनी तिला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही. 'तू आमाला मेलीस' म्हणाले. आणि कुठल्या आवाजात म्हणाले? ज्या आवाजात गाड्या पुकारल्या त्याच. सगळ्या बाजारानं ऐकलं. ती तशीच मागे फिरली. नंतर पोलादपुरात जो भेटेल त्याच्या डोळ्यांत यांना ते वाक्य दिसायला लागलं, म्हणून घराला कुलूप.

"सुई तिचीच," काकी म्हणाल्या. "तिची राहिलेली. एक दिवस माझ्याफुडं येऊन बसले, मला शिकव म्हनले. तेव्हा हातात ही असती तर तोंड उघडलं नसतं, म्हनले. मग तिला मुलगी झाल्याचं कळलं. तुमची प्राजू नि ती एकाच महिन्यातल्या. मग माप आनायचं कुठून?"

"आणि ते कपडे?" मी विचारलं.

"पेटीत हायत. टोपड्यापास्नं सगळे. धाडायचा धीर होत नाय. परत आले तर?"

 आई उठली, प्राजूचा हात धरला आणि तिला घेऊन स्वतः उतेकरांच्या दारात गेली. "घ्या माप," म्हणाली. "पोर काय तुमच्यासाठी वाढायची थांबनार हाय?" त्यानंतर कधी चार महिने उलटून गेले तर तीच त्यांना आठवण करायला लागली.

मला मात्र एक काही केल्या उमजेना. सगळ्या गाड्यांच्या वेळा ज्याला तोंडपाठ, ज्यानं जन्मभर लोकांना मुंबईच्या गाडीत बसवलं, त्यानं स्वतः एकदा बसावं की! मी तसं म्हटलंही. उतेकरांनी सुई थांबवली नाही.

"जाऊन बोलू काय, मास्तर? सगळं उसवता येतं. बोललेलं तेवढं येत नाय."

पुढच्या वर्षीची गोष्ट. मे महिना, सुट्टी. मी दारात पेपर वाचत होतो. उतेकर आपल्या ओट्यावर एक पिवळा फ्रॉक विणत होते. चाळीच्या तोंडाशी एक बाई आली, बरोबर प्राजूच्या वयाची मुलगी. मला म्हणाली, "उतेकर कंट्रोलर इथंच राहतात ना?" आवाज खणखणीत. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला काही विचारायची गरज उरली नाही. ती आपणहून सांगत सुटली, नवऱ्याला इकडच्या कारखान्यात काम लागलंय, बिरवाडीत खोली घेतलीय, पोलादपूरला जाऊन आले तर घराला कुलूप, शेजाऱ्यांनी इथला पत्ता दिला. बोलताना तिचं लक्ष शेजारच्या ओट्याकडे गेलं आणि ती थांबली.

उतेकरांनी तिला पाहिलं होतं. पाहिलं, आणि मान खाली घालून विणायला लागले.

संगीता दोन पावलं पुढे गेली. "आबा," म्हणाली. उतेकर विणतायत. "आबा, मी आलेय." उतेकर विणतायत. मान वर नाही, शब्द नाही. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. "चल गो सायली," म्हणाली आणि मुलीचा हात धरून वळली.

मी आपला बावळटासारखा एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. वर्षानुवर्षं जिच्यासाठी पेटी भरली ती दारातून परत चाललीय आणि हा माणूस विणत काय बसलाय! आणि मग माझी ट्यूब पेटली. त्यांचे ओठ हलत होते. माणूस मोजत होता.

"अगं थांब!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्यांदा मी वर्गातही कधी ओरडलो नव्हतो. "जाऊ नकोस! दहा खांब व्हायचेत त्यांचे!"

तिला बिचारीला काय कळणार? पण माझ्या ओरडण्याचा अवतार बघून ती थबकली खरी. काकी आतून धावत आल्या. नळावरच्या दोघी हंडे टाकून बघायला लागल्या. सगळी चाळ उतेकरांच्या सुईकडे बघत होती. एक टाका सुटला, परत घातला.

मग सुई थांबली. उतेकरांनी मान वर केली. तो सबंध स्टँड हलवणारा आवाज, आता कसाबसा ओट्यावरून खाली उतरला.

"जेवलीस का गो?"

संगीता तिथंच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. काकींनी तिला पोटाशी धरलं. मीही रडलो, त्यात लपवायचं काय.

जेवणं झाल्यावर पेटी उघडली. टोपडी, मोजे, झबली, फ्रॉक, वर्षाप्रमाणे खालून वर लावलेले. सगळ्यात वरचा फ्रॉक सायलीच्या डोक्यातून घातला तर तो खांद्यावरच अडकला. कसा बसणार? आमची प्राजू म्हणजे खारीक आणि सायली अंगानं चांगली गुटगुटीत. पेटीतला एकही कपडा तिला होण्यातला नव्हता. काकींचा चेहरा उतरला. उतेकर मात्र पोटभर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"उसवता येतं ना? मग भ्यायचं कशाला!" म्हणाले आणि अर्धा झालेला पिवळा फ्रॉक त्यांनी जागच्या जागी उसवायला घेतला. सायलीच्या हातात लोकरीचं टोक दिलं. ती गुंडा करत गेली.

मग त्यांनी खिशातून दोरा काढला. सायली घाबरून मागे सरकली. तेव्हा आमची प्राजू, या कामातली जुनी जाणकार, पुढे झाली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "गप उभी राहा. काही करत नाहीत. नुसतं माप नेतात, देत काहीच नाहीत."

उतेकरांनी सायलीच्या डोक्याभोवती दोरा गुंडाळला. टोकं जुळवली. गाठ मारायची ते विसरले. दोरा निसटून खाली पडला, आणि हात मात्र तिच्या डोक्यावर तसाच राहिला.