हसूदादांची हाक

हसूदादा कुणाच्या दाराची बेल वाजवत नाहीत. रस्त्यात उभे राहतात, कानामागे तळवा धरतात आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारतात, ‘‘आयकलाव का?’’ वरून कुणीतरी ‘‘आयकला’’ म्हणेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला तरी.

आम्ही इथे भाड्याने राहायला आलो तेव्हा पहिल्याच रविवारी ती हाक आली. मला वाटलं झाडूवाला. खिडकीतूनच म्हटलं, ‘‘नको, नको.’’

‘‘नको कसा, बाय? मयत हाय. घरटी एक मानूस.’’

आमचे हे मुकाट्याने चपला घालून गेले. कोण वारलंय ते त्यांना स्मशानात कळलं.

उलव्याजवळचं हे गाव विमानतळासाठी उठलं आणि इथे प्लॉटवर येऊन वसलं. गावाचं मंडळ मात्र जसंच्या तसं बरोबर आलं. मयत असो, हळद असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा, एवढाच त्याचा नियम. आणि निरोप पोचवायचं काम हसूदादांचं.

प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले, त्यामुळे जुने शेजारी कुठल्या कुठे जाऊन पडले. हसूदादांना ते मंजूर नाही. ते हाका जुन्या गावाच्या क्रमानेच देतात. एक घर या टोकाला, पुढचं मोठ्या रस्त्यापलीकडे, त्यापुढचं परत इकडे. समोरासमोरची दोन घरं एका खेपेत का उरकत नाही, असं मी एकदा विचारलं.

‘‘मधी आख्खी आळी हाय ना,’’ ते म्हणाले. मला मध्ये फक्त गटार दिसत होतं.

आम्हा भाडेकरूंना त्या क्रमात जागाच नव्हती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘तुमी विहिरीवर.’’ जुन्या गावात दोन आळ्यांच्या मध्ये विहीर होती, हाकांच्या क्रमात तिच्या जागी आमची बिल्डिंग बसली. अजूनही गावात मला ‘विहिरीवरची’ म्हणतात.

या विहिरीवरच सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. मी महाप्याला ऑफिसात, लिफ्ट बंद. हसूदादांनी हाका दिल्या. मी दवाखान्यात पोचले तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं होतं, आणि जिचं नावही मला माहीत नव्हतं अशी कमळूआय त्यांची कवळी रुमालात गुंडाळून उशाशी बसली होती. त्या दिवशी मी या गावची झाले.

हाकांच्या क्रमात हसूदादांचं स्वतःचं घर शेवटचं. बायको होती तोवर ती आतून ‘‘आयकला’’ म्हणायची. ती गेल्यावर त्यांचं कुणीच उरलं नाही. एका संध्याकाळी मी डबा परत द्यायला गेले, तर ते स्वतःच्याच कुलूप लावलेल्या दारासमोर उभे होते. हाक दिली. थांबले. मग हळूच स्वतःच ‘‘आयकला’’ म्हणाले आणि कुलूप उघडलं. मी डबा घेऊन तशीच परतले.

पुढे त्यांचे गुडघे गेले. मंडळाच्या सेक्रेटरीने, नीलेशने, देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘दादा, आता तुमी बसा. ग्रुप बनवलाय. मेसेज टाकला की झालं.’’

‘‘मोबाइलला उंबरा नाय,’’ हसूदादा म्हणाले आणि बसले.

खोटं कशाला बोलू, ग्रुप छान चालला. माणसं वेळेवर येऊ लागली. फक्त हसूदादांकडे मोबाइल नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. जो सगळ्यांना सांगतो त्याला सांगायचं असतं, हे सुचणार कुणाला?

कमळूआय गेली. आम्ही स्मशानातून परतत होतो. हसूदादा काठी धरून रस्त्यात उभे होते.

‘‘कोन गेला?’’

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

‘‘माज्या शेजारची व्हती,’’ ते जुन्या गावच्या हिशेबाने म्हणाले. ‘‘भिंतीला भिंत. मना कोनी सांगला नाय.’’ आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं, ते पुढे उघडं दिसेना.

काही आठवड्यांनी नीलेशच्या बहिणीची हळद ठरली. मेसेज आला. मी ऑफिसातून परस्पर हसूदादांच्या घरासमोर गेले, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि कानामागे तळवा धरला. इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

‘‘हळद हाय. घरटी एक मानूस. आयकलाव का?’’

मागे रिक्षा येऊन थांबली, हॉर्न वाजू लागला. मी हलले नाही. परत हाक दिली.

आतून काठीचा आवाज आला, मग खाकरल्याचा.

‘‘माजा घर शेवटी, बाय,’’ बंद दाराआडून ते म्हणाले. ‘‘आदी बाकीची घरां.’’

‘‘आज तुमच्यापासून सुरुवात आहे, दादा. आयकलाव का?’’

रिक्षावाला आता खाली उतरून माझ्याशी भांडायला लागला होता. त्याच्या आवाजात मला ते जेमतेम ऐकू आलं.

‘‘आयकला.’’