दहा उन्हाळ्यांची गॅरंटी

जळगावात माझ्या हातचा उडालेला रंग दाखवा आणि माझी मिशी उतरवून घेऊन जा! हे मी नुसतं तोंडानं बोलत नव्हतो. दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'पितांबर पेंटर. दहा उन्हाळे रंग हलणार नाही. गॅरंटी!' आणि उन्हाळा म्हणजे आमच्याकडचा बरं का! वैशाखात इथं कावळासुद्धा दुपारी घराबाहेर पडत नाही.

अशा माणसावर स्वतःचा रंग घालवायची पाळी आली. आणली माझ्याच थोरल्या भावानं.

कौतिकभाऊ लढाईच्या काळात विमानदलात फिटर होता. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर एका हरिकेन विमानाची देखभाल त्याच्याकडे होती. तिकडून येताना त्यानं एक पत्र्याची पेटी आणली आणि एक खोकला. पेटी गंजून गेली, खोकला मात्र मुरला. चोपन्न सालच्या शिमग्याला डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली आणि म्हणाले, "आता मागतील ते द्या." याचा अर्थ कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

माय शिरा करायला धावली. भाऊनं शिऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उशाखालून त्यानं लाकडाचं विमान काढलं. हातभर लांब, पडल्या पडल्या चाकूनं कोरलेलं.

"पितांबर, याले रंग दे. मना इमानना रंग."

"एवढंच ना? असा देतो की बघत राहशील!"

दिला! हिरवा, तपकिरी, पंखांवर गोल निशाण्या, वरून वॉर्निशचे हात. त्यात मला माझी मिशी दिसत होती! भाऊनं ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काय चुकलं रे भाऊ?"

"हाई नवं शे."

"मग? जुनं कोण रंगवून देतं?"

तेव्हा तो बोलला. मधे मधे खोकत, थांबत. उन्हानं हिरवा रंग कसा विटायचा, धुराड्यांमागे काजळी कशी बसायची, पंखाच्या मुळाशी बूट ठेवून चढता-उतरता तिथला रंग जाऊन पत्रा कसा उघडा पडायचा. मग म्हणाला, एका सकाळी त्यानं चाकांखालचे ठोकळे काढले, विशीतल्या पायलटनं वरून हात केला आणि विमान गेलं. ते आलंच नाही. हा ठोकळे हातात धरून अंधार पडेपर्यंत धावपट्टीवर बसून राहिला. इतक्या वर्षांत हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"नवं म्हंजे अजून गयेलच नही," तो म्हणाला. "माले जाईसनी परत येल इमान पाहिजे."

मला भडभडून आलं. पण मी मूळचा बढाईखोर! म्हटलं, "उन्हात टाकतो. आठ दिवसांत विटवून आणतो!"

पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या पत्र्यावर विमान ठेवलं. आठ दिवस गेले, वैशाख गेला. रोज दुपारी वर चढून बघायचो. कातडी सोलली ती माझी! रंग जसाच्या तसा. वर विमान चकाकत होतं आणि खाली भाऊ खाटेत विटत चालला होता.

मग पॉलिशपेपर घेतला. पण जन्मभर गुळगुळीत करायची सवय. खडबडीत करायला हातच तयार होईना! मांजरानं ओरबाडल्यासारखं झालं. कंदिलाची काजळी फासली, तर भाऊ म्हणाला, "हाई काय चूल शे?" आणि हसला. त्या हसण्यानं त्याला अशी ढास लागली की पुढे मी त्याला हसवायचंच सोडून दिलं.

शेवटी घासलेट! भर उन्हात पत्र्यावर बसून बोळ्यानं विमान खसाखसा पुसत होतो. तोंडानं शिव्या चालू. "विट की मेल्या! विट!" एवढ्यात खालून हाक आली. बोदवडचे झुलालशेठ! त्यांच्या कापसाच्या जिनाची भिंत रंगवायचं काम माझ्याकडे द्यावं की नाही, ते ठरवायला आले होते.

"पेंटर, काय चाललंय?"

"रंग घालवतोय!"

"कोणाचा?"

"माझाच!"

"का बरं?"

का, ते कसं सांगू? विमान उंच धरून मी ओरडलो, "जातच नाही हो! काही केल्या जातच नाही!"

शेठ खूश! "वा! घासलेटानंही जात नाही? काम तुमचंच!"

माझ्या हातून भावाचं एक मागणं पुरं होईना आणि त्याच नालायकीवर मला वर्षातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

पावसाळा सरल्यावर, ऐन नवरात्रात, मी बोदवडला गेलो. विमान घरीच ब्रशांच्या फळीवर ठेवून गेलो. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेसाठी मात्र मी घरी हवाच. दुपारच्या गाडीनं परतलो आणि देवघरापुढे बघतो तर विळा, कोयता, कुऱ्हाड, माझे ब्रश सगळं घासूनपुसून मांडलेलं, आणि मधोमध विमान! हळदकुंकू लावलेलं, झेंडू वाहिलेलं. हिरव्या रंगाचा पार वाळलेल्या केळीच्या पानासारखा रंग झालेला!

"माय! हे काय केलंस?"

"मळेल होतं. पापडखारना उकळता पानीमा बुडावं, टाचखाले दाबीसनी राखघाई घासं."

"अगं, पण का?"

"हत्यार शे ना ते? आज बठ्ठा हत्यारं घासतस."

"माझी दहा उन्हाळ्यांची गॅरंटी होती त्यावर!" मी काय बोलत होतो, माझं मलाच कळत नव्हतं. माय पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"त्या इमाननी मना पोऱ्या खाई टाका," ती म्हणाली. "तरी बी घासं मी."

आतून आवाज आला, "आन रे इकडे."

मी गुन्हेगारासारखा विमान घेऊन गेलो. भाऊला आता उठून बसवावं लागे. त्यानं पंखावरून अंगठा फिरवला. मुळाशी थांबला. तिथला रंग पार जाऊन लाकूड उघडं पडलं होतं.

"आठे पाय कोना?"

"इथं ना? मायचा. टाचेखाली दाबून घासलं तिनं."

भाऊनं विमान अंथरुणावर चाकांवर उभं केलं. मग म्हणाला, "ठोकळे लाव."

मी दोन काडेपेट्या आणून चाकांना लावल्या. त्यानं एक पेटी बोटानं जरा आत सरकवली.

"परत उनं," म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. इतका शांत झोपलेला मी त्याला लढाईनंतर पाहिला नव्हता.

कोजागरीला भाऊ गेला.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. विमान काडेपेट्यांसकट समोरच्या फळीवर ठेवलं. झुलालशेठ आले ते थेट फळीपाशीच गेले.

"अहो, हेच ना ते विमान? घासलेटानं न जाणारं?"

"हेच."

"अरे वा! उन्हाळा एकच आणि रंग सफाचट! सापडलात पेंटर! पैज काय होती? काढा मिशी!"

आणि पोट धरून हसत ते माझ्याकडे वळले. माझ्या डोक्यावर टोपी होती म्हणून आधी लक्षात आलं नसावं. आता त्यांनी माझा ओठ पाहिला. दहाव्याला न्हाव्यानं केलेल्या सपाटीवर नुसते खुंट उभे होते.

शेठचं हसू जागच्या जागी विरलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू द्या पेंटर. येईल परत."

शेठचा शब्द अर्धा खरा ठरला. मिशी तेवढी आली.