विद्यार्थिनी क्रमांक एक

नवीन यंत्रणा तपासायला एक विद्यार्थी हवा होता, म्हणून मी बायकोलाच भरती करून टाकलं. तिला विचारलं नाही. (लग्नानंतर मी घेतलेला हा पहिला स्वतंत्र निर्णय. शेवटचाही असावा.)

मी विद्यापीठाच्या शैक्षणिक तंत्रज्ञान कक्षात आहे. प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला मदत करणं हे आमचं काम. म्हणजे 'स्क्रीन काळी पडली हो!' असा फोन येतो, मी धावत जातो आणि प्लग खोचतो. एवढ्यासाठी वेगळा कक्ष कशाला, असा प्रश्न कुलगुरूबाईंना पडला होता. पुढच्या सोमवारी या यंत्रणेचं प्रात्यक्षिक होतं. ते पसंत पडलं तर कक्ष राहणार, नाहीतर माझी बदली परीक्षा विभागाच्या गोदामात. तिथे जुन्या उत्तरपत्रिका आणि ताजे उंदीर असतात.

यंत्रणा मात्र हुशार. विद्यार्थी मागे पडला की त्याच्या फोनवर आपोआप निरोप जातो. मी बायकोचा नंबर टाकला, 'विद्यार्थिनी क्रमांक एक' असं नाव दिलं आणि विसरून गेलो.

दोन-चार दिवसांत घराचं हवामान बिघडलं. चहाचा कप समोर येण्याऐवजी आदळू लागला. मी आठवून आठवून थकलो. तिचा वाढदिवस नव्हता. सासूबाईंनाही मी काही बोललो नव्हतो. काही उमगेना.

शेवटी तिनेच विषय काढला. "अहो, मी निष्क्रिय आहे?"

"कोण म्हणतं?"

"तुमचा कक्ष. 'आपण निष्क्रिय आहात. आपल्या प्रगतीची मार्गदर्शकांना काळजी वाटते.' हा मार्गदर्शक कोण?"

"मीच. पण अगं, ते मशीन पाठवतं!"

"म्हणजे काळजी मशीनला वाटते?"

"नाही, मला. म्हणजे मलाही वाटत नाही..."

"ते दिसतंच आहे. खाली 'आपल्या अडचणी लिहा' असंही म्हटलंय."

"मग लिही की! तेवढीच आमची चाचणी होईल." (यालाच आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात.)

सोमवारी सभागृहात सगळे विभागप्रमुख जमले. विद्यार्थ्यांच्या अडचणी दाखवणारं बटण मी ऐटीत दाबलं. पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत उमटलं:

'मार्गदर्शक समोर असतात, पण ऐकत नाहीत. काही विचारलं की झोपेचं सोंग घेतात. त्यांचे ओले टॉवेल मलाच उचलावे लागतात. पाहुणे न सांगता आणतात आणि चहा मला करायला लावतात. इतकी वर्षं झाली, एकदाही शाबासकी दिली नाही.'

मी घाईघाईने पडदा बंद करायचं बटण शोधू लागलो.

"टॉवेल?" कुलगुरूबाई कडाडल्या. "संशोधनाच्या नावाखाली विद्यार्थिनीला घरकामाला जुंपतो? कोण आहे हा मार्गदर्शक?"

तीन विभागप्रमुख एकदम आपल्या बुटांकडे पाहू लागले. इतिहासवाले माझ्या कानाशी कुजबुजले, "अहो, माझं नाव तर नाही ना त्यात?" मी कुलगुरूबाईंकडे वळलो.

"बाई, ती विद्यार्थिनी म्हणजे खरं तर..."

"तिचं नाव सांगू नका! घाबरेल पोर." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आज तुमच्या यंत्रणेमुळे तिचं गाऱ्हाणं माझ्यापर्यंत पोचलं. कक्ष राहील. आणि त्या मार्गदर्शकाला तुम्हीच शोधायचं. चौकशी समिती म्हणजे तुम्ही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नोकरी वाचली की गेली, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि सापडला तर काय करणार त्याचं?"

"कामावरून काढणार," मी रडवेल्या आवाजात म्हणालो.

"छे! कसं काढतील?" ती म्हणाली. "त्याला कधी कुणी काम करताना पाहिलंय?"