तांब्याची गॅस्केट आणि राजाची फीत

एका जंगलात, मुलांनो, एक बिबट्या राज्य करायचा. राज्यकारभारातली एकच गोष्ट त्याला मनापासून आवडायची, ती म्हणजे फीत कापणं. त्याला कात्रीसुद्धा लागत नसे. एक नख पुरायचं.

त्याच जंगलात गेनू नावाचं अस्वल मोटारी दुरुस्त करायचं. हात काळे, पण कामात वाकबगार. सध्या त्याची झोप उडाली होती. शेजारच्या जंगलाशी टेकडी चढायची शर्यत ठरली होती आणि पणाला लागला होता हद्दीवरचा पाणवठा. हरणाऱ्यांनी तिकडे पुन्हा फिरकायचं नाही. गेनूची दोन पिल्लं त्याच पाण्यावर वाढत होती. दुसरा ओढा दीड कोस लांब होता.

राजाच्या मोटारीचं इंजिन पाण्यावर नाही, वाऱ्यावर थंड होणारं. गेनूने त्याची ताकद वाढवली, तेव्हा सिलिंडर आणि त्याचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या फटीतून जाळ फुटू लागला. मग त्याने तांब्याच्या गॅस्केट, म्हणजे फट बुजवणाऱ्या पातळ चकत्या, कापल्या, लालभडक तापवून पाण्यात बुडवल्या, म्हणजे तांबं मऊ पडतं, आणि त्या फटीत बसवल्या. नट आवळले. आता फक्त एकच काम उरलं होतं. पहिल्यांदा इंजिन तापलं की तांबं जरा दबतं आणि नट सैल होतात. म्हणून इंजिन पूर्ण गार करून ते पुन्हा आवळायचे.

हे त्याने प्रधानाला, म्हणजे तरसाला, दोनदा समजावलं. तरसाने मान डोलावली आणि लगेच उद्घाटन ठेवलं.

फीत कापली गेली. इंजिनाला झेंडूचा हार घातला. राजाने मोटार मैदानात सात फेऱ्या पळवली, सशांनी टाळ्या वाजवल्या, आणि इंजिन चांगलं तापलं. गेनूला बरंच वाटलं, कारण आता रात्रभर ते गार होणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, शर्यतीच्या आधी, तो पाना घेऊन आला, तर तरस मोटारीपुढे उभा.

"काय करतोस?"

"नट आवळतो. काल सांगितलं होतं ना साहेब."

"काल महाराजांनी उद्घाटन केलंय. उद्घाटन झालेलं काम अपुरं कसं असेल?"

"तांब्याला उद्घाटन कळत नाही, साहेब. दहा मिनिटांचं काम आहे."

"म्हणजे महाराजांनी अर्धवट मोटारीची फीत कापली, असं तुझं म्हणणं आहे?"

गेनूने पाना खाली केला. आपण माघार घेतली याचा त्याला फार राग आला, पण पाना खालीच राहिला. पाना काढून घेतला गेला.

अर्ध्या टेकडीपर्यंत मोटार झकास गेली. मग हेडखालून फुस फुस आवाज येऊ लागला. पुढच्या वळणावर ताकद निम्मी झाली, आणि शेजाऱ्यांची खटारा मोटार शांतपणे पुढे निघून गेली. पाणवठा गेला.

चौकशी झाली. समितीचा अध्यक्ष तरसच होता. नट सैल होतील असं सर्वांत आधी कोण म्हणालं, तर गेनू. म्हणजे अशुभ बोलणारा तोच. एरवी जंगल सोडून जायला कोणालाच परवानगी नसे; त्याला तेवढी दरबाराने मोठ्या मनाने ती दिली आणि हाकलून दिलं.

आता तो हरलेल्या जंगलाचा उरला नव्हता, म्हणून गेनू पिल्लांना घेऊन पाणवठ्यावर गेला. शेजाऱ्यांचा मिस्त्री, एक म्हातारं रानडुक्कर, तिथे पाणी पीत होता. त्याने पिल्लांना जागा करून दिली. गेनूने विचारलं, "दादा, तुमच्याही इंजिनात तांब्याचीच गॅस्केट होती ना? मग ती कशी टिकली?"

"गार झाल्यावर नट आवळले की."

"तुम्हाला कोणी अडवलं नाही?"

"अडवलं असतं," रानडुक्कर म्हणाला, "पण आमचे महाराज महिनाभर पडसं होऊन पडलेत. उद्घाटन राहूनच गेलं."

तात्पर्य: मुलांनो, कुठल्याही कामाचं उद्घाटन ते पुरं होण्याआधी उरकून घ्यावं. मग ते बिघडलं, तरी दोष काम करणाऱ्याचाच ठरतो.